उमरग्याला उतरलेले प्रोफेसर

वर्षभर मी त्यांच्या तासाला बसले, पण त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो उमरग्यात, आमच्या कापडाच्या दुकानापुढं. हैदराबादहून सोलापूरकडं जाणारी मोटार तिथं चहापुरती थांबायची. त्या दिवशी ती बराच वेळ अडकली, कारण एक उंच, किडकिडीत गृहस्थ खाली उभे राहून टपावरच्या हमालाला बजावत होते, "पेटी आडवी करायची न्हाय. आत काच हाय. हळू, हळू. बाळंतिणीला उतरवतात तसं उतरव." भर उन्हात अंगात काळी शेरवानी, खाली धोतर. शेरवानीला पुढून बारीक बारीक भोकं पडलेली, जणू कुणी तिच्यावर मोहरी फोडणीला टाकली होती.

मी नुकती मुदतीच्या तापातून उठले होते. डोक्यावरचे केस गेलेले, म्हणून पदर घट्ट ओढून दुकानाच्या आतल्या दारात बसले होते. ते गृहस्थ दुकानात शिरले, अप्पांना नमस्कार केला आणि विचारलं, "तुमची मुलगी हैदराबादेत विज्ञान शिकते, ती हीच का?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "आपण कोण?"

त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "बोल काहीतरी."

मी घाबरले. तोंडातून निघालं, "मगर साहेब, काय बोलू?"

"हीच," ते म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "तुम्ही निघा. मी इथंच उतरलो."

ते निघाले होते तामलवाडीला, स्वतःच्या गावी. तिथं त्यांची म्हातारी आई वाट बघत होती. आणि ते उतरले उमरग्याला, ते मी परीक्षेला निघेपर्यंत राहिले.

आता पडद्याचं सांगायला हवं. त्या काळी विद्यापीठात आमच्या वर्गात मुलं पुढं बसायची आणि आम्ही मूठभर मुली मागं, मध्ये जाड हिरवा पडदा. शिकवणं सगळं उर्दूत. प्रोफेसर फळ्यावर काय लिहितात, हातात काय धरतात, ते आम्हांला दिसायचं नाही. आम्हांला ऐकू यायचा फक्त एक आवाज, थोडा घोगरा, कधी न घाई करणारा. नामियाती कीमिया, म्हणजे सेंद्रिय रसायन, हा त्यांचा विषय. मधेच पडद्याखालून एक हात यायचा, हातात बाटली. "हुंगा, नाव सांगा आणि परत द्या," असं फर्मान सुटायचं. पुस्तक उघडायच्या आधी नाकानं ओळख झाली पाहिजे, हा त्यांचा नेम होता. विद्यार्थ्यांना ते सरसकट 'तू' म्हणायचे आणि रसायनांना 'आप'. "आप जरा तशरीफ रखिए," हे वाक्य कितीदा तरी आम्ही ऐकलं, आणि ते कुणा पाहुण्याला नसून चंचुपात्राला असायचं.

दुसरा नेम आणखी विचित्र. धडा उर्दूत झाला की ते कुणालाही उठवायचे आणि तोच धडा घरच्या बोलीत सांगायला लावायचे. कुणी तेलुगूत सांगायचं, कुणी दखनीत, कुणी कानडीत. त्यांना तेलुगूचं अक्षरही येत नव्हतं. तरी मध्येच थांबवून ते म्हणायचे, "इथं तुला समजलेलं न्हाय." आणि तिथंच नेमकं समजलेलं नसायचं. मुलं म्हणायची, हे चेहरा वाचतात. पण आम्ही तर पडद्याआड होतो. एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "समजलेल्या माणसाचा आवाज जमिनीवर चालतो. पाठ केलेल्याचा तारेवर."

मी उठले की आधी "मगर" म्हणायची. उर्दूत मगर म्हणजे 'पण', मराठीत ती पाण्यात राहते. माझं नाव त्यांना कधी कळलंच नाही. हजेरी घ्यायची त्यांना आठवण नसायची. वर्गात मी 'मगरबाई' होते.

मला ताप आला आणि अप्पा मला घेऊन उमरग्याला आले. त्यानंतर वर्गात जे झालं ते मला मैत्रिणीकडून कळलं. प्रोफेसर रेणूंच्या आकाराचा धडा घेणार होते. मातीचे गोळे आणि ज्वारीची चिपाडं घेऊन त्यांनी नमुने केले होते. ते मुलींना दिसावेत म्हणून पडदा तासापुरता सरकवायची परवानगी त्यांनी मागितली. मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले, टेबल उचललं आणि पडद्याच्या आत, मुलींच्या बाजूला नेऊन ठेवलं. पलीकडच्या मुलांना म्हणाले, "वर्षभर ह्यांनी नुसतं ऐकलं. आज तुमी ऐका." आणि अख्खा तास तिथंच घेतला. मुलं ओरडली, तक्रार झाली, विद्यापीठाच्या मोठ्या साहेबांनी बोलावून माफी लिहून मागितली. ह्यांनी माफीऐवजी राजीनामा लिहिला.

"त्या दिवशी सगळे आवाज दिसले," ते आमच्या दुकानात बसून अप्पांना सांगत होते. "एक कमी होता. विचारलं, मगर कुठं हाय. पोरी म्हणाल्या, उमरग्याला, तापानं पडलीय. आमची मोटार इथनंच जाते. म्हटलं बघावं, हाय का गेली."

अप्पांनी पाणी मागवलं.

खरं तर माझ्यातलं बरंच काही गेलंच होतं. काही महिन्यांनी वार्षिक परीक्षा होती, ती हुकली तर विद्यापीठातून नाव कमी होणार होतं. गावात बायका माझ्या आईला, अव्वाला, म्हणायच्या, पोरीला हैदराबादला धाडलं, बुद्धी आणि केस दोन्ही घालवून आली. ते मला लागायचं, कारण ते खरं वाटायचं. पुस्तकाचं पान वाचून उलटलं की आधीच्या पानावरचं काही आठवत नसे. अव्वापुढं मी ते लपवलं होतं. प्रोफेसरांपुढं पहिल्याच दिवशी रडले. म्हटलं, "तापानं माझं डोकं धुऊन नेलं, साहेब."

"बरं झालं," ते म्हणाले. "पाठ केलेलं तेवढं जातं. समजलेलं जात न्हाय. काय राहिलंय ते बघू."

अप्पांनी त्यांना कापडाच्या गठ्ठ्यांची वखार दिली. तिथं त्यांनी पेटीतलं काचसामान भुशातून काढून मांडलं. काच ते स्वतः धुवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. धुतलेल्या काचेवर पाण्याचा थेंब थांबता कामा नये, सरळ पदर सुटल्यासारखं पाणी खाली गेलं पाहिजे, तरच ती स्वच्छ. जेवायला बसले की ताटातला प्रत्येक पदार्थ आधी हुंगायचे. अव्वाला ते आवडायचं नाही. ती मला आमच्या घरच्या कानडीत म्हणायची, ह्यांना आपल्या हाताचा संशय आहे का. एक दिवस त्यांनी आमटी हुंगून सांगितलं, "आज हिंग नवा हाय, आणि चिंच जुनी." ते बरोबर होतं. त्या दिवसापासून अव्वा ताट वाढून त्यांच्या नाकाकडं बघत उभी राहायची.

शिकवताना ते माझ्याकडं पाठ करून बसायचे. भिंतीकडं तोंड, डोळे मिटलेले. "चेहरा दिसला की दया येते," म्हणायचे. "आवाज पुरे हाय."

कार्बनला चार हात असतात, तिथून सुरुवात केली. माझ्याकडून मातीचे गोळे करून घेतले, बाभळीच्या काट्यांनी जोडून घेतले. एकदा दोन नमुने करायला लावले, गोळे तेच, हातही तेच, तरी एक दुसऱ्यावर काही केल्या बसेना. मी दमले. म्हटलं, "मगर साहेब, दोन्ही सारखेच तर आहेत." तेव्हा त्यांनी अप्पांची डाव्या पायाची वहाण आणि स्वतःची डाव्या पायाची वहाण माझ्यापुढं ठेवली. "ह्या घालून परसात फिरून ये." मी फेंगडत, अडखळत फिरून आले. अव्वा चुलीपुढून उठून बघायला आली. मी परत येईपर्यंत मला कळलं होतं. उजवी आणि डावी, सारख्या दिसतात, एकीची जागा दुसरी घेत नाही. ते मी कानडीत अव्वाला सांगितलं. भिंतीकडं तोंड करून बसलेले प्रोफेसर म्हणाले, "आता जमिनीवर चाललीस."

माझं खरं घोडं अडलं ते समतोलापाशी. सिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, आम्ल आणि मद्यार्क एकत्र तापवले की त्यांचं सुवासिक एस्टर आणि पाणी होतं. पण सगळं होत नाही. काही भाग तसाच राहतो, कितीही तापवा. मी लिहून ठेवलं होतं, 'येथे क्रिया थांबते.' हे वाक्य मी म्हटलं की भिंतीकडून आवाज यायचा, "न्हाय." मी दुसऱ्या शब्दांत म्हणायची. "न्हाय." असे कित्येक दिवस गेले. मला पुन्हा वाटायला लागलं, ताप डोक्यातून गेलाच नाही.

मग आला आठवड्याचा बाजार. त्या दिवशी लोहाऱ्यापासून, संस्थानाच्या सीमेपलीकडच्या खेड्यांपासून माणसं यायची आणि दुपारी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. प्रोफेसरांनी मला आतल्या दारात बसवलं, आपण माझ्याकडं पाठ करून बसले.

"दुकान भरलंय का?"

"भरलंय."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"आताही तेवढंच."

"मग थांबलंय म्हणायचं?"

मी बघत राहिले. मघा लाल काठाचं लुगडं बघणारी बाई उठून गेली होती. तिच्या जागी एक म्हातारा पटक्याचं कापड चाचपत होता. गर्दी तीच, माणसं निराळी. एक उतरायचा, एक चढायचा. मी म्हणाले, "थांबलेलं न्हाय, साहेब. जेवढे येतात तेवढेच जातात, म्हणून दिसत न्हाय."

ते नुसते उठले. मला वाटलं, पुन्हा चुकलं. पण त्यांनी दुकानाचं मागचं दार उघडलं आणि आतल्या गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "परसात माठ हाय, गार पाणी हाय, इकडनं या." उन्हातली माणसं, पाण्याचं नाव ऐकून मागच्या दारानं निघाली. आत जागा झाली तशी पुढून आणखी आत शिरली. ती पाण्याला गेली, आणखी आली. अप्पा गज हातात धरून बघत राहिले.

"प्रोफेसर, माझी गिऱ्हाइकं परसातनं कुठं निघालीत?"

"पुढनं येतायत न्हवं?"

"येतायत. पण कुणी घेतंय कुठं? पाणी पिऊन चाललेत."

"ते तुमचं तुमी बघा," प्रोफेसर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. ते शिकवताना माझ्याकडं वळल्याचं मला तेवढंच आठवतं. "सांग, एस्टर जास्ती पाहिजे असंल तर काय करशील?"

"तयार झालेलं पाणी मागच्या दारानं काढत राहीन," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी तापानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण तोंडानं सांगणं वेगळं आणि हातानं करणं वेगळं. लढाईचे दिवस, रसायनं कुठंच मिळत नव्हती. प्रोफेसरांच्या पेटीत अमाइल मद्यार्काची एक बाटली होती. दारूच्या गाळातून निघणारा हा पदार्थ, वास असा की घशात काटा उभा राहावा. त्यात सिरक्याचं तीव्र आम्ल, थोडा गंधकाचा तेजाब. वाळूच्या तव्यावर, निखाऱ्यांच्या धगीनं ते तापत ठेवायचं, वर काचेची नळी, नळीभोवती गार पाणी. वखारीतून धूर आणि तो वास गल्लीत गेला, आणि तिसऱ्या प्रहरी आबकारीचा जमादार दोन शिपाई घेऊन दारात उभा राहिला. चोरून दारू गाळणं हा त्या राज्यात मोठा गुन्हा होता.

"प्रोफेसर साब, भट्टी किसकी है?" त्यानं विचारलं.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. वखार त्यांची होती. प्रोफेसरांनी मात्र एक गठ्ठा पुढं ओढला. "जमादार साब, बैठो. ये बच्ची समझाएगी." आणि ते भिंतीकडं तोंड करून बसले.

मला पळून जावंसं वाटलं. समोर शिपाई, दारात गल्लीतली माणसं, अव्वा दाराआड. उर्दू पुस्तकातले जड शब्द आठवायला गेले, एकही आला नाही. मग बाजारात आम्ही बोलतो तशी दखनी मी बोलायला लागले.

"देखो जमादार साब, ये सिरका है. ये बदबूवाला स्पिरिट. दोनों मिले तो एक खुशबू बनती, और पानी बनता. मगर वो पानी खुशबू को पकडको फिर तोडता. इधर बनता, उधर टूटता."

"तो झगडा कभी खतम नै होता?"

"नै होता. दोनों तरफ बराबर चलता, इसलिए दिखता नै. हम क्या करते, सिरका ज्यादा डालते. तो बनने का पल्ला भारी."

बोलता बोलता मी कामही करत होते. मिश्रण गार केलं, पाण्यात ओतलं, सोडा घातला. ते फसफसून वर आलं तसे शिपाई मागं सरकले. फेस बसला. पाण्यावर तेलासारखा एक थर तरंगायला लागला. मी तो अलग केला आणि वखारभर पिकलेल्या केळ्यांचा वास सुटला. अख्ख्या गल्लीत एक केळं नव्हतं. दारातली एक म्हातारी आत डोकावून विचारायला लागली, केळी कुठं उतरलीत.

जमादारानं बाटलीला नाक लावलं. पुन्हा लावलं. रुमालावर थेंब मागून घेतला. बराच वेळ तो रुमाल हुंगत बसला, मग जरा अवघडून म्हणाला, "रपट में क्या लिखूं?"

"तालीम," भिंतीकडून आवाज आला. "लिखो, तालीम चल रही थी."

त्यानं तेच लिहिलं, की इथं शिक्षण चाललं होतं. तहसील कचेरीत त्या रुमालाचा वास फिरला आणि त्यानंतर गावात कुणी माझ्या बुद्धीची आणि केसांची चौकशी केली नाही. अव्वा मात्र एस्टरची बाटली देवळीत ठेवून होती. आलागेला दिसला की बूच काढून दाखवायची आणि म्हणायची, "हिनं केलंय."

परीक्षेला निघाले तेव्हा दोन मोटारी स्टँडवर समोरासमोर होत्या. एक हैदराबादची, एक सोलापूरकडची. मधल्या महिन्यांत तामलवाडीहून ड्रायव्हरांबरोबर म्हातारीचे निरोप येत राहिले होते, प्रोफेसर कवा येणार. आता त्यांची पेटी टपावर चढली. मी पाया पडले. त्यांनी आशीर्वाद वगैरे दिला नाही. म्हणाले, "काच नीट धू. आणि अडलीस तर मगर म्हण."

तोंडी परीक्षेला परगावाहून आलेले एक वृद्ध परीक्षक होते. शेजारी आमचे मोठे साहेब. परीक्षकांनी एस्टरचंच काढलं. "क्रिया पुरी होत नाही. रुकते. का?"

"रुकत नाही, साहेब," मी उर्दूत म्हणाले. पुढचं वाक्य पुस्तकातलं होतं, ते अर्ध्यावर तुटलं. मोठ्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मगर, इजाजत असली तर मी आमच्याकडं बोलतात तसं सांगते."

परीक्षकांनी मान हलवली. मग मी जमादाराला सांगितलं तसंच सांगितलं. पाणी का काढायचं, आम्ल जास्त का घालायचं, तेजाब क्रिया लवकर घडवतो पण तो समतोल हलवत नाही, ते का. परीक्षक खुर्चीत पुढं सरकले. एकामागून एक विचारत गेले, मी सांगत गेले. बाहेर ताटकळलेल्या मुली आत डोकावायला लागल्या. शेवटी त्यांनी चश्मा काढला आणि विचारलं, "बेटी, किसने पढाया?"

मी नाव सांगितलं. मोठे साहेब खिडकीकडं बघायला लागले. परीक्षकांनी त्यांना विचारलं, "हे गृहस्थ कुठं असतात? मला भेटायचं आहे." मीच सांगितलं, तामलवाडीला.

निकालाची तार दुकानात आली. रसायनात मी सगळ्या विद्यापीठात पहिली होते, मुलं धरून. अप्पांनी ती तार पोस्टमनकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि भर दिवसा दुकान बंद केलं, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. जमादार पेढे घेऊन आला. अप्पा, अव्वा आणि मी दुसऱ्या दिवशी तामलवाडीला निघालो.

ज्वारीची मळणी चालली होती. प्रोफेसर खळ्यावर होते, धोतर खोचलेलं, अंगभर भुसा. शेरवानी बाभळीला टांगलेली. मी म्हटलं, "साहेब, पहिली आले." त्यांनी ते ऐकलंच नाही असं केलं.

"तोंडीला काय विचारलं?"

मी सांगायला लागले. ते खळ्याच्या कडेला माझ्याकडं पाठ करून बसले आणि डोळे मिटले. मळणीवरच्या माणसांनी बैल थांबवले. मी प्रश्न सांगत होते, उत्तरं सांगत होते, उर्दू कुठं तुटली आणि मी काय केलं तेही सांगितलं. संपलं तेव्हा ते तसेच बसून होते. मग शेजारच्या गड्याला म्हणाले, "ऐकलंस का?" आणि त्यांच्या पाठीकडं बघून मला कळलं की ते रडत आहेत.

सुपात ज्वारी पाखडणारी त्यांची आई उठून आली. पार वाकलेली म्हातारी. माझ्याकडं, अप्पांकडं, अव्वाकडं बघून तिनं विचारलं, "ही कोन मान्सं? आन् तू रडतूस का? आदीच गाव हसतंय, पोरगं सरकारी नोकरी सोडून आलं म्हनून."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तिच्यापुढं उभी केली.

"नोकरी सोडून न्हाय आलो आई," ते म्हणाले. "पुरी करून आलो."

म्हातारीनं मला नीट न्याहाळलं. डोक्यावर नुकते बोटभर वाढलेले केस तिनं पदर मागं सारून बघितले, त्यांवरून हात फिरवला. मग खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग हुबं का ऱ्हायलात? पानं मांडा. पाव्हनी लांबनं आलीय."